दरपत्रकात नसलेला खर्च

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात खरेदी विभागाकडे एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे सुट्या भागाचं नाव, पुढे तो आपल्याच शॉपमध्ये केला तर पडणारा खर्च आणि शेजारी तीन व्हेंडरचे दर. समजा, एक ब्रॅकेट घरी केला तर 112 रुपयांना पडतो आणि भोसरीचा जॉबवर्कवाला तो 94 रुपयांत द्यायला तयार आहे. निर्णय झाल्यातच जमा असतो. मशीन विकायचं, ऑपरेटर दुसऱ्या लाइनवर पाठवायचा आणि वर्षाकाठी वाचणारे पैसे मीटिंगमध्ये मोठ्या अक्षरात दाखवायचे.

त्या तक्त्यात काही गोष्टींना रकानाच नसतो. डाय कोणाच्या मालकीची? झिजली तर नवी कोणी करायची? ड्रॉइंग बदललं तर दर जुना की नवा? रिजेक्शन निघालं तर दोष मटेरियलचा की मशिनिंगचा, आणि हे ठरवायचं कोणी? इन्स्पेक्शनसाठी रोज भोसरीला जाणाऱ्या माणसाचा पगार कशात धरायचा? स्टील महागलं की दर वाढवून मागणारा फोन लगेच येतो, स्वस्त झालं की तो येत नाही, मग तो आपण करायचा आणि तासभर हुज्जत घालायची. असेंब्ली लाइन एका ब्रॅकेटपायी चार तास थांबली तर त्याची डेबिट नोट फाडता येते, पण थांबलेले तास परत मिळत नाहीत. माणूस शोधणं, सौदा ठरवणं, तो पाळला जातोय का बघणं आणि फिसकटलं तर निस्तरणं, या सगळ्यावर होणाऱ्या खर्चाला अर्थशास्त्रात व्यवहार-खर्च म्हणतात. वस्तूच्या किमतीपेक्षा तो वेगळा असतो, आणि काय स्वतः करायचं, काय बाहेरून घ्यायचं, कोणाशी भागीदारी करायची हे पुष्कळदा तोच ठरवतो. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणं या न आखलेल्या रकान्यांबद्दल आहेत.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो एका विद्यार्थ्याने. रोनाल्ड कोज 1931 मध्ये लंडन विद्यापीठाची प्रवासी शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेला, तेव्हा तो वीस-एकवीस वर्षांचा होता आणि मनाने समाजवादी होता. सगळी अर्थव्यवस्था एका कारखान्यासारखी चालवता येईल, असं रशियात लेनिन म्हणून गेला होता. किमतींशिवाय एवढं नियोजन कोणालाच जमणार नाही, असं पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञ सांगत होते. कोजने फोर्ड आणि जनरल मोटर्सचे कारखाने पाहिले आणि त्याला दिसलं की अमेरिकेत अवाढव्य कारखाने तर चालू आहेत, आणि त्यांच्या आत बाजार नाही. एक कामगार एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, कारण साहेबाने सांगितलेलं असतं. तिथे मजुरीचा भाव चढलाय म्हणून तो जात नाही. मग बाजार एवढा कार्यक्षम असेल तर या कंपन्या हव्यात कशाला? आणि कंपनीच कार्यक्षम असेल तर साऱ्या जगाची मिळून एकच कंपनी का होत नाही?

त्याचं उत्तर आज साधं वाटतं. बाजार वापरायला पैसे पडतात, आणि माणसं एका छपराखाली आणून हुकुमाने काम चालवायलाही पैसे पडतात. या दोन खर्चांची जिथे बरोबरी होते तिथे कंपनीची हद्द संपते. 1932 मध्ये डंडी इथे शिकवताना त्याने हे व्याख्यानात सांगितलं, 1937 मध्ये ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात लेख छापला. पुढची तीसेक वर्षं त्या लेखाचा उल्लेख पुष्कळ झाला, उपयोग फारसा कोणी केला नाही. नोबेल मिळालं 1991 साली, कोज ऐंशीचे झाल्यावर. अर्थशास्त्रज्ञांना साध्या प्रश्नाचं महत्त्व कळायला किती वेळ लागतो, याचा हा एक नमुना.

उपयोग केला तो ऑलिव्हर विल्यमसन यांनी. 1975 आणि 1985 या वर्षांतल्या त्यांच्या दोन ग्रंथांनी विषयाला हत्यारं दिली. व्यवहार किती वेळा होणार, पुढचं किती अनिश्चित आहे आणि त्या व्यवहारासाठी केलेली गुंतवणूक दुसरीकडे कितपत उपयोगी पडेल, असे तीन प्रश्न ते विचारतात. माझ्या मते खरा जीव तिसऱ्यात आहे. बाजारातून नट-बोल्ट घेताना दुकानदार बदलायला मिनिट लागत नाही. पण एका गिऱ्हाइकाच्या एका मॉडेलसाठी तीस लाखांची डाय करून घेतली, की त्या गिऱ्हाइकाबाहेर तिची किंमत भंगाराएवढी. करार होण्याआधी दहा व्हेंडर असतात, झाल्यावर दोघंच उरतात आणि दोघंही एकमेकांच्या मुठीत असतात. करारात सगळ्या शक्यता लिहून ठेवता येत नाहीत, कारण माणसाला भविष्य दिसत नाही. न लिहिलेल्या जागेत कोण कोणाला पिळतो, यावर पुढचं सगळं अवलंबून.

याचं पाठ्यपुस्तकातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे जनरल मोटर्स आणि मोटारींच्या बॉडी बनवणारी फिशर बॉडी. 1919 मध्ये त्यांचा दहा वर्षांचा करार झाला, त्याच वेळी जनरल मोटर्सने फिशरचे साठ टक्के भाग घेतले आणि 1926 मध्ये उरलेली कंपनीही गिळली. 1978 मधल्या एका गाजलेल्या लेखाने याचं कारण दिलं: फिशरने करारातल्या फटींचा फायदा घेऊन जनरल मोटर्सला वेठीला धरलं, म्हणून ती विकत घ्यावी लागली. गोष्ट इतकी सुबक की वर्गावर्गांतून शिकवली जाऊ लागली. त्यावर नव्वदीला आलेल्या कोज यांनीच 2000 मध्ये जुने कागद काढून दाखवलं की असं वेठीला धरल्याचा पुरावाच नाही. उलट, मिलवॉकीची ए. ओ. स्मिथ ही कंपनी जनरल मोटर्सला वर्षानुवर्षं मोटारींच्या फ्रेम पुरवत होती. तिची यंत्रंही खास त्याच कामाची होती, तरी तिला कोणी विकत घेतलं नाही. दोघांनाही उद्याची ऑर्डर हवी होती, तेवढं पुरलं. सिद्धांत माणसाला जरा जास्तच लबाड समजतो, हे वाचकाने इथेच मनाशी नोंदवून ठेवावं. कायद्याचे अभ्यासक स्ट्यूअर्ट मॅकॉले यांनीही 1963 मध्ये विस्कॉन्सिनच्या उद्योजकांशी बोलून हेच मांडलं होतं: तंटा झाला की ही मंडळी कराराचा कागद कपाटातच ठेवतात आणि फोन उचलतात.

पण मराठी वाचकाला हा विषय समजून घ्यायला डेट्रॉइटला जायची गरज नाही. साखर कारखान्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते आणि वजनही घटतं, म्हणून तो शक्यतो चोवीस तासांत गाळपाला जावा लागतो. टनामागे किंमत कमी आणि बोजा जास्त, त्यामुळे लांब नेणं परवडत नाही. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात उभी असते. तोडणीच्या दिवशी शेतकऱ्यापुढे एकच गिऱ्हाईक असतं, फार तर दोन. आता दुसरी बाजू बघा. कारखान्याच्या यंत्रात कोट्यवधी अडकलेले, ते ऊस गाळण्याशिवाय कशाच्याही कामाचं नाही, आणि हंगामात रोज काही हजार टन ऊस गव्हाणीत पडला नाही तर कर्जाचं व्याज अंगावर. दोघंही एकमेकांत अडकलेले. अशा ठिकाणी खुल्या बाजारात रोज भाव ठरवून ऊस घेता येईल, असं अर्थशास्त्र न शिकलेला माणूसही म्हणणार नाही.

महाराष्ट्रातल्या खाजगी कारखानदारांनी यावर काढलेला पहिला उपाय होता शेतीच ताब्यात घेण्याचा. 1932 मध्ये साखरेला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि आणखी कारखाने उभे राहू लागले. वालचंद हिराचंदांचे रावळगाव आणि वालचंदनगर, बेलापूर कंपनीचं हरेगाव, या सगळ्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खंडाने घेतल्या आणि आपला ऊस आपणच पिकवला. विल्यमसनच्या भाषेत, पुरवठादारालाच कंपनीच्या आत आणलं. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने हा मार्ग बंद झाला, त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या.

तोवर उलट्या दिशेचा उपाय जन्माला आला होता. कारखान्याने शेती घेण्याऐवजी शेतकऱ्यांनीच कारखाना काढला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झालं, त्यात ऊस देणारा आणि कारखान्याचा मालक एकच होता. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ होते. कोज यांचा लेख त्यांच्या वाचनात आला असो वा नसो, प्रश्न त्यांना रानातूनच कळला होता. आपल्याकडे सहकाराकडे चळवळ म्हणून, सत्तेचं केंद्र म्हणून बघायची सवय आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पण अडकलेल्या दोन पक्षांपैकी एकाने दुसऱ्याला पिळू नये म्हणून दोघांना एकच करण्याची ती व्यावसायिक युक्तीही होती, हे बोलायचं राहून जातं.

युक्ती फुकट मिळत नाही. भावाची घासाघीस संपली आणि तिच्या जागी तोडणीच्या तारखेची आली. कोणाच्या फडात टोळी आधी जाणार, कोणाचा ऊस मार्चपर्यंत वाळत उभा राहणार, हे आता संचालक, शेतकी अधिकारी आणि तोडणीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा चिटबॉय यांच्या हातात. निवडणूक, सभासदत्व, गटबाजी, नोकरभरती हा सगळा आतला व्यवहार-खर्च आहे, आणि काही कारखाने त्याखाली अक्षरशः बुडाले. बाजाराचा खर्च टाळायला संस्था उभारली की संस्थेचा खर्च सुरू होतो. कोज यांच्या लेखाचा हा दुसरा अर्धा भाग, व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून नेहमी गळतो.

आता याच कारखान्याने बाहेर काय ठेवलं ते पाहू. ज्या कामावर सगळा हंगाम अवलंबून, ती ऊसतोडणी त्याने कधीच आत घेतली नाही. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून कोयते जमवतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या आधी उचल दिली जाते, तोडणीच्या मजुरीतून ती फिटते. रोजंदारीवर रोज माणूस शोधण्याचा खर्च उचलीने एका फटक्यात संपतो, कारण उचल घेतलेला कोयता हंगामभर बांधलेला असतो. अर्थात दगाही होतो. एकच मुकादम दोघातिघांकडून उचल घेऊन नाहीसा होतो, कर्ज काढून पैसे दिलेला ट्रॅक्टरवाला गावोगाव शोधत फिरतो, आणि राग शेवटी निघतो तो मजुरावर.

या साखळीत खर्च वाचल्यासारखा दिसतो तो कारखान्याच्या ताळेबंदात. हजारो हंगामी माणसांची हजेरी, भविष्य निर्वाह निधी, आजारपण, राहण्याची सोय यातलं बरंच काही कारखान्याच्या वहीत येतच नाही. ते मधल्या दोन पायऱ्यांवरून खाली सरकतं आणि जोडप्यापाशी येऊन थांबतं, कारण त्याच्या खाली कोणी नसतं. एका दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा खाड्याची ही भीतीही चर्चेत आली. अर्थशास्त्राच्या वर्गात व्यवहार-खर्च ‘कमी करणं’ असं म्हणतात. कमी झाला की दुसऱ्याच्या अंगावर ढकलला गेला, हे दर वेळी तपासावं असा माझा आग्रह आहे, आणि विल्यमसनमध्ये मला हा आग्रह पुरेसा सापडत नाही.

आउटसोर्सिंगचं सगळ्यांत महागडं प्रकरण मात्र आकाशातलं. बोइंगने 787 ड्रीमलायनर बनवताना केवळ सुटे भाग नव्हे, तर विमानाचे आख्खे तुकडे जपान, इटली आणि अमेरिकेतल्या भागीदारांकडे रचनेसकट सोपवले. गुंतवणूक त्यांची, जोखीम वाटून घेतलेली. कागदावर फार देखणं. जुलै 2007 मध्ये विमान समारंभाने बाहेर आणलं तेव्हा त्यात तात्पुरते फास्टनर बसवलेले होते. पहिलं विमान गिऱ्हाइकाला मे 2008 मध्ये मिळायचं होतं, मिळालं सप्टेंबर 2011 मध्ये. मधल्या काळात, 2009 मध्ये, बोइंगला एका पुरवठादाराचा साउथ कॅरोलिनातला कारखाना विकत घ्यावा लागला. तुकडे जोडण्याचं ज्ञान कोणाकडे असेल, हा प्रश्न तुकड्यांच्या किमतीत कुठेच नव्हता. 2005 मध्ये विचिटाचा कारखाना विकून बोइंगने ज्या स्पिरिट एरोसिस्टिम्सला जन्म दिला, तीच परत घेण्याचा करार 2024 मध्ये झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, स्पिरिटनेच धड बनवलेल्या एका उडत्या 737 मॅक्सचा दारवजा तुकडा निखळून पडला होता.

म्हणून बाहेर काही देऊच नये, असा कोणी अर्थ काढील. त्याच्यासाठी भारती एअरटेल. 2004 मध्ये या कंपनीने मोबाइल नेटवर्क उभारणं-चालवणं एरिक्सन, नोकिया, सीमेन्सकडे आणि संगणकाचं सगळं काम आयबीएमकडे दिलं. टेलिफोन कंपनीने नेटवर्कच दुसऱ्याला द्यायचं, हे तेव्हा वेडेपणाचं वाटलं. पण करार कसा केला ते बघण्यासारखं आहे. आधी यंत्रसामग्री विकणारा जास्त डबे विकायला बघे, घेणारा कमी. आता पैसे डब्यांचे नाही, प्रत्यक्ष वापरात आलेल्या क्षमतेचे. आयबीएमचा मोबदलाही महसुलाशी बांधलेला. दोघांच्या हिताचं तोंड एका दिशेला वळल्यावर पहाऱ्याची गरजच घटली. पुढे 2007 मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या कट्टर स्पर्धकांनी मिळून टॉवरची एक कंपनी काढली. टॉवर सगळ्यांचा सारखाच, त्यातून कोणाचं गुपित फुटत नाही, मग तीन उभारायचे कशाला?

भागीदाऱ्यांबद्दल या प्रस्तावनेत थोडकंच लिहितो. किनेटिक-होंडा, हीरो-होंडा, महिंद्रा-रेनो, जोडनावं आठवली तरी लक्षात येतं की त्या कायमच्या नसतात. भागीदार शिकत असतो, आणि शिकून झालं की त्याला तुमची गरज कमी होते. यात विश्वासघात शोधायचं कारण नाही. बाहेर पडण्याचं दार मात्र आधीच नीट बांधावं लागतं. जपानच्या डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये पैसे घातले तेव्हा बाहेर पडताना किमान निम्मी किंमत परत मिळेल, असं करारात होतं. 2014 मध्ये डोकोमोने ते कलम वापरायचं ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळेना. लंडनचा लवाद, दिल्लीचं उच्च न्यायालय अशी वाट चालून 2017 मध्ये सुमारे 118 कोटी डॉलर दिले गेले. कलम स्पष्ट होतं, दोन्ही पक्ष नावाजलेले होते, तरी एवढं झालं. छोट्या भागीदारांचं काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी.

सरकारी नियम कंपन्यांच्या हद्दी हलवतात हेही आपण डोळ्यांनी पाहिलंय. मुंबईच्या जकातीबाहेर राहण्यासाठी भिवंडीत गोदामांचं गाव उभं राहिलं. परराज्यात विकलेल्या मालावर केंद्रीय विक्रीकर, पण आपल्याच डेपोत पाठवलेल्या मालावर नाही, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत डेपो पोसत होत्या. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि त्यातले कित्येक डेपो एका हंगामात निरर्थक ठरले.

छोट्या पुरवठादाराच्या दृष्टीने मात्र सगळ्यांत मोठा न लिहिलेला खर्च एकच: वाट पाहणं. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने 45 दिवसांत पैसे देणं बंधनकारक केलं. भोसरीच्या शेडमध्ये हे सांगून बघा, लोक हसतात. तक्रार करता येते, पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार? एप्रिल 2024 पासून प्राप्तिकर कायद्यातल्या नव्या तरतुदीने दट्ट्या लावला: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला चालणार नाही. लगेच भीती व्यक्त झाली की मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील. उसाच्या बाबतीत 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे आणि उशिराला पंधरा टक्के व्याज असा नियम आहेच. पैसे थकले की शेतकरी कारखान्यावर मोर्चा काढू शकतो, जॉबवर्कवाल्याला ती सोय नाही.

पुस्तकातली शेवटची दोन प्रकरणं तंत्रज्ञानावर आहेत, आणि ती वाचताना उसाचंच एक चालू उदाहरण मनात ठेवावं. तोडणीला आता हार्वेस्टर येतायत. एका यंत्राची किंमत कोटीच्या घरात, घेणारा बहुधा बँकेचं कर्ज काढलेला तरुण शेतकरी किंवा जुना वाहतूकदार. ते चालायला उसाच्या सरींत चार-पाच फुटांचं अंतर लागतं, म्हणजे लागणीच्या दिवशीच शेतकऱ्याने त्याच्यासाठी रान बांधून ठेवायचं. कोयत्यांची उचल, मुकादमाचा दगा, खाडा हे प्रश्न मागे पडतील. त्यांच्या जागी नवा अडकलेला माणूस येईल: हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा, हप्ते बारा महिन्यांचे, आणि टनामागचा दर दर वर्षी कारखान्याने ठरवलेला. त्याच्याशी किती वर्षांचा करार करायचा, पाऊस लांबला तर हप्ता कोणी सोसायचा, यंत्र आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे बहुतेक कारखान्यांत अजून ठरायचं आहे.